आसरांच्या डोहातला मांगूर

“उठ गो हिरे. पाइप सोड,” गणू बोलला.

हिरी उठली नाही. आसरांच्या डोहात सोडलेल्या काळ्या पाइपावर ती मांडी ठोकून बसली होती. मे महिन्याचं ऊन सकाळीच भाजून काढत होतं. काठावर अर्धं गाव जमलेलं, आणि गणू, तिचा सख्खा नवरा, डिझेल इंजिनाचं हँडल हातात धरून उभा. गावात पंप एकच, तो गणूचा. डोह उपसायचा तर तो गणूलाच उपसावा लागणार होता, आणि त्याची बायको म्हणत होती, आधी मला उपसा.

“बाई, तुमी तरी सांगा हिला,” तो माझ्याकडे वळला.

गावात कुणाचं काही अडलं की ‘बाई, तुमी सांगा’. मी रेश्मा, अंगणवाडीची बाई. पोरांना उसळ खाऊ घालायची, त्यांची वजनं करायची, लशीच्या दिवशी कणगीमागे लपलेली कार्टी ओढून काढायची, ही माझी नोकरी. नवराबायकोच्या मधे पडायचं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण हिरीचं घर माझ्या घराला लागून. तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. म्हणून मी पाण्यापर्यंत गेले खरी. सांगणार काय, कपाळ?

शेजारी मत्स्य खात्याच्या संघरत्ना मॅडम होत्या. वाशिंदची पोरगी, नोकरीला नुकतीच लागलेली. पायात गमबूट, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. मागे टेम्पोत चुन्याच्या गोणी, जाळी आणि निळे ड्रम.

“मावशी, आत्ताच टाइम आहे बघा,” मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. “आता डोह ओढ्यापासून सुटा आहे. पाऊस लागला की ओढा वाहणार, आणि हे मांगूर मासे भातसा नदीत उतरणार. उतरलेत तेच निस्तरत नाहीत.”

“बाकीचं न्या तुमी,” हिरी बोलली. “त्यात एक आमचा हाय. त्याला ऱ्हाव दे.”

“एक ठेवून नाही चालत हो, मावशी.”

“मंग पंप नाय चालनार.”

हा ‘आमचा एक’ कुठला, ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

सापगावचा पूल ओलांडून आत आलं की आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला ओढ्यावर हा डोह, साती आसरांचा. त्या पाण्यातल्या सात बहिणी. त्यांच्या डोहातला मासा कोणी धरत नाही, धरायचं मनातही आणत नाही. पोर आजारी पडलं आणि उतार पडेना, की आईनं ओढ्यातला एक जिता मासा आणायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, पोरावरून उतरवायचा आणि या डोहात सोडायचा. जिवाला जीव. माशानं पोराचं दुखणं घेऊन पाण्यात निघून जायचं. अट एकच, मासा हातातून आपला आपण पोहत गेला पाहिजे. उताणा झाला तर आईच्या तोंडचं पाणी पळायचं. आणि ओढ्यातला मळ्या मासा म्हणजे भारीच नाजूक. हंड्यातून आणता आणता अर्धे मरायचे. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा या काठावर बायांची नुसती रडारड बघितली आहे.

मग शहापूरच्या बाजारात मांगूर आला. काळाकुट्ट, मिशाळ, अंगावर खवला नाही. पिंपात वीतभर पाणी असलं तरी हूं नाही की चूं नाही. ओल्या गोणत्यात गुंडाळून आणा, दुपारभर पडवीत विसरा, संध्याकाळी सोडा, शेपटी मारून हा गेला! बायांना आणखी काय हवं होतं? एकीनं आणला, तिचं पोर उठून खेळायला लागलं, झालं. पुढे कोण कशाला ओढ्यात उतरतंय! मांगुरानं आमच्या गावातला अपशकुनच मोडीत काढला. तो कुठल्या मुलखातला, काय खातो, किती खातो, हे आसरांनी विचारलं नाही आणि आम्हीही नाही.

तो सगळंच खात होता. पूर्वी डोहात चुरमुरे टाकले की मळ्यांचा थवा चमकून वर यायचा, पोरं टाळ्या पिटायची. मग मळे कमी झाले, मग बेडूक ओरडेनासे झाले, मग बदकाची पिल्लं बुडाल्यासारखी नाहीशी व्हायला लागली. आम्ही म्हटलं, आसरा कोपल्या. कोपल्या म्हणून आणखी मांगूर सोडले. शहाणी माणसं आम्ही!

हिरीची दीप्ती तेव्हा चार वर्षांची होती. माझ्याच अंगणवाडीत. उसळीतला कढीपत्ता वेचून शेजारच्याच्या ताटलीत टाकायची आणि वर मलाच सांगायची, “बाई, बंटी सांडतो.” दुपारी सगळी पोरं झोपली तरी ही टक्क जागी. “बाई, तुमी कदी झोपता?” म्हणायची. मी म्हणायची, “तू झोपलीस की.” “मंग मी नाय झोपत, तुमाला काम आसंल.” अशी आगाऊ पोर.

ज्या वर्षी जुलैत सगळा ठाणे जिल्हा पाण्याखाली गेला, त्याच पावसाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. मी हिरीला म्हटलं, आजच्या आज दवाखाना. ती म्हणाली, “मासा सोडते न मंग निंगू.” ओढा तर दोन्ही काठ खात चाललेला. बाजारातून मांगूर आणला. पिंपातून काढताना त्याची डावी मिशी तुटली, तेवढीच काय ती खूण. दीप्तीवरून उतरवला तेव्हा ती तापातही हसली, “आये, याला दाढी हाय.” हिरीनं तो सोडला आणि तो असा काही जोरात गेला की माझ्यासुद्धा जिवात जीव आला.

पोरीला शहापूरला नेली, तिथून ठाण्याला. मधे दोन दिवस उतार पडला, बिस्कीट मागून खाल्लं. हिरी म्हणाली, “बघा, घेतलं त्यानं.” मग एका पहाटे पोर गेली. डॉक्टरांनी काही बाकी ठेवलं नव्हतं. काही पोरं जातात, आणि त्याला काही उत्तर नसतं. हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे आणि अजून मला ते पटलेलं नाही.

मला वाटलं, हिरी आता डोहाचं नाव काढायची नाही. आसरांना चार शिव्या देईल, निदान रडेल तरी. तर सुतकाचे दिवस सरले आणि ही भाकरीचा तुकडा घेऊन काठावर.

“तिचं दुखनं घेऊन गेलाय तो,” ती मला म्हणाली. “म्हंजी थोडी तीच नाय का त्याच्यात? तिच्या अंगातलं हाय ना ते?”

मी म्हटलं, “असंल गो.”

तेव्हापासून रोज. काम आटोपलं की हिरी डोहावर. टाळी वाजवायची, काळी तोंडं वर यायची, ती कुस्करलेली भाकरी टाकायची आणि बोट दाखवायची, “तो बघ, तुटक्या मिशीचा. बघ कसा आला.” मला नुसत्या मिशाच मिशा दिसायच्या. त्याच्याशी बोलायचीसुद्धा. आज भेंडी केली, आज तुझ्या बापाचं इंजिन बिघडलं, असलं काहीबाही. बाया हसायच्या. मी दोघीतिघींना चांगलं झापलं, तर माझ्यामागे हसायला लागल्या.

गणू मात्र डोहाकडे फिरकला नाही. आधीच अबोल, त्यात पोर गेल्यावर तो फक्त इंजिनाशी बोलायचा. धडधाकट इंजिन सगळं खोलायचा, पुसायचा, परत जोडायचा. एका घरात दोघं, पण दोन गावांत राहिल्यासारखी.

दुसरीकडे भिमीच्या पोटावर पाय यायला लागला. भिमी खालच्या कातकरी वाडीतली. ओढ्यात आणि नदीत मासे धरून दारोदार विकणारी. तिच्या पाटीत मळे, शिंगट्या, वाम, काय काय असायचं. गेल्या दोन वर्षांत पाटी उघडली की काळं.

“जाल्यात ह्योच, बांबूच्या भोक्शात ह्योच,” ती पाटी आपटायची. “न बाकीचं सगलं ह्याच्या पोटात. तुमच्या डोहातून येतो ह्यो. पावसात बांधावरून सरपटत जाताना मी डोल्यानं बघितलाय.”

तिनंच कुणाला तरी गाठलं, त्यानं कुणाला तरी, आणि संघरत्ना मॅडम आल्या. त्यांनी गावाला बसवून समजावलं. मांगुरावर सरकारची बंदी आहे, डोह उपसायचा, आपले मासे निवडून ड्रममधे ठेवायचे, मांगूर मीठ-चुना घालून पुरायचे, पावसात आपले मासे परत सोडायचे. पोरगी देवाबिवाचं मानणारी नव्हती, पण तोंडातून एक वावगा शब्द काढला नाही. उलट म्हणाली, “तुमच्या आसरांना विचारा, मग मी पुढचं बघते.” बुधू भगतानं आसरांच्या दगडाला तांदळाचे दाणे लावून कौल मागितला. उजवा पडला. गाव हो म्हणालं. हिरीला कोणी विचारलंच नाही.

हो म्हटलं तरी बायांना धास्ती होतीच. ज्यांची पोरं बरी झाली होती, त्यांच्या पोरांचे मासे डोहात. ते मेले तर? त्या सकाळी अंगणवाडीत एकही पोर आलं नाही. आयांनी सगळी घरात कोंडून ठेवली होती, काही तर काखोटीला मारूनच काठावर आल्या होत्या. त्यातलीच एक माझ्या मागे फुसफुसली, “हिचं काय जातंय एवढं? हिची तर गेलीच.”

मी वळून तिच्याकडे असं बघितलं की ती पोरासकट मागे सरकली.

आणि हिरी पाइपावर बसलेली.

भिमी पुढे झाली. “हिरे, माज्याकडं बघ. तुजी गेली, मी पन रडले गो. पन माज्या घरात चार तोंडं हायत न ती नदीवर जगतात. नदीच खाल्ली ह्यानं तर आमी काय खावं?”

“कलतंय गो भिमे,” हिरी म्हणाली. “मला काय कलत नाय का? पन मी कशी उठू? तूच सांग, कशी उठू मी?”

मॅडम घड्याळाकडे बघता बघता थांबल्या.

मग गणूनं हँडल खाली ठेवलं. खाली उतरला आणि बायकोच्या शेजारी त्याच पाइपावर बसला. एवढ्या माणसांदेखत. आम्ही सगळे चाटच पडलो.

“तुला मासा तरी हाय,” तो बोलला. “मला काय हाय?”

हिरीनं मान वळवली.

“तू रोज भाकर घेऊन येतेस. मी शेताच्या बांधावरून बघतो. यावंसं वाटतं मला पन. पन तो मासा डोल्यासमोर आला की डोकं फिरतं माजं. पोर गेली न ह्यो फुगत चाललाय. कुनी सांगितलं व्हतं ह्याला जगायला?” त्यानं तळव्यावरचं ग्रीस पाइपाला पुसलं. “मॅडमनी पंप मागितला, मी लगेच हो बोललो. तुला इचारलं नाय. इचारलं असतं तर तू नाय बोलली असतीस, न मंग माज्याच्यानं डोह उपसला नसता.”

काठावर कुणाच्या तरी कडेवरचं पोर किरकिरलं.

“दोन वर्सांत एवढं बोलला नाय तुमी,” हिरी म्हणाली.

“नाय.”

“बोलायचं व्हतं.”

ती उठली. पदर खोचला आणि मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. “माजा मासा मी काढनार. दुसऱ्या कुनी हात लावायचा नाय.”

“तुम्हीच काढा, मावशी,” मॅडम म्हणाल्या.

गणूनं हँडल मारलं. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि लागलं. पाणी खालच्या मोकळ्या शेतात पडायला लागलं, तिथे ताणलेल्या जाळ्यावर भिमीच्या वाडीतल्या बाया बसल्या. डोह उतरत गेला तशा काळवंडलेल्या हिरव्या बांगड्या दिसल्या, फुटके नारळ दिसले, नवसाचे बोटभर लाकडी पाळणे दिसले. दुपारपर्यंत डोहाचं डबकं झालं आणि मग तळचा चिखलच हलायला लागला. मांगुरांवर मांगूर. एवढे असतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. बुधू भगतानं तोंडावर हात ठेवला.

आपले म्हणावेत असे मासे ओंजळभर निघाले. थोड्या शिंगट्या, एक वाम, आणि कपारीत अडकून राहिलेले बोटाएवढे मळे. भिमी त्यांना ओल्या फडक्यात धरून ड्रमकडे धावत होती आणि धावता धावता शिव्या देत होती, “कुठं मेलं व्हतात रं इतकं दिस?” तिच्या डोळ्यांना धार लागलेली.

हिरी गुडघाभर चिखलात उतरली. तिनं टाळी वाजवली. कोणी वर आलं नाही. वर यायला पाणीच नव्हतं. मग ती वाकून एकेक उचलून बघायला लागली. बुळबुळीत अंग, निसटायचा, परत धरायची.

“हा!” ती ओरडली. “हा बघा, डावी नाय!”

तिनं तो पदरात घेतला. एवढी उजळली होती ती की मला वाटलं, मॅडमचे पाय धरावेत आणि म्हणावं, ठेवा हो हा एक. तेवढ्यात तिच्या पायाशी दुसरा वळवळला. त्याचीही डावी मिशी नव्हती. तिनं तोही उचलला. मग तिसरा. एकाच्या दोन्ही मिशा नव्हत्या. एकाची शेपूटच कुरतडलेली.

“हे असं कसं?” ती म्हणाली.

“दाटीत एकमेकांना चावतात, मावशी,” मॅडम अगदी हळू म्हणाल्या. “खायला उरलं नाही की असंच होतं.”

हिरी एक खाली ठेवायची, दुसरा उचलायची, पहिला परत शोधायची. पदर फाटायला आला. शेवटी तिनं मान वर केली आणि काठावरच्या एवढ्या माणसांतून मला शोधून काढलं.

“बाई, यातला कुठला गो?”

मी साडी वर खोचून चिखलात गेले, तिच्याजवळ उभी राहिले आणि म्हटलं, “मला नाय माहीत, हिरे. खरंच नाय माहीत.”

तिनं पदर सोडला. सगळे चिखलात पडले आणि बाकीच्यांत मिसळून गेले. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. ती रडली तेव्हा आवाज आला नाही, फक्त तिचा खांदा माझ्या खांद्यावर आदळत राहिला. दोन वर्षांचं रडणं होतं ते, मी हललेसुद्धा नाही.

डोहाच्या वरच्या माळावर पुरुषांनी खड्डा खणला होता. पाट्या भरभरून मांगूर त्यात गेले, वर मीठ, वर चुना. ऊन कलायला आलं. बाया पोरं घेऊन लांब उभ्या होत्या, एकही जवळ यायला तयार नव्हती. गणूनं फावडं उचललं.

“थांबा,” हिरी म्हणाली.

चिखलानं माखलेली ती खड्ड्याच्या तोंडाशी गेली. आमच्याकडे लहान लेकरू गेलं की जाळत नाहीत, पुरतात. बाप्येच नेतात, बायांनी जायचं नसतं.

“तिला नेली तेवा मला उंबऱ्यातच धरून ठेवली,” ती गणूला म्हणाली. “माज्या हातची माती नाय भेटली तिला.”

बुधू भगत काही म्हणेल असं वाटलं. रीत मोडत होती. त्यानं टोपी काढली आणि दुसरीकडे बघितलं.

हिरीनं मूठभर माती घेतली आणि सोडली. मग गणूनं. तो परत वाकला, आणखी एक मूठ तिच्या हातात दिली, तीही तिनं सोडली. मग बाकीच्यांनी खड्डा बुजवला.

टेम्पो गेला. जाताना मॅडमनी गमबूट काढून ठेवले, हिरीपुढे हात जोडले आणि गेल्या. भिमी ड्रमजवळ बसली होती, मळ्यांना फडक्यानं सावली करून. गाव पांगलं. मी निघाले आणि चार पावलांवर थांबले.

मांगूर लवकर मरत नाही. बुजवलेली माती मधूनच हलत होती. इथे थोडी फुगायची, तिथे थोडी खचायची.

हिरीनं ते बघितलं. ती खाली बसली, हलणाऱ्या जागेवर तळवा ठेवला आणि हलक्या हातानं थोपटायला लागली. अंगणवाडीत दुपारी न झोपणाऱ्या पोराला थोपटतात तसं, घाई न करता. तिथली माती शांत झाली की दुसरीकडे सरकायची. गणू तिच्या पलीकडे बसला. थोडा वेळ नुसता बघत होता. मग त्यानंही हात ठेवला.

अंधार पडेपर्यंत माती हलायची थांबली होती. तरी दोघं थोपटतच होती.